पद्मिनीचं हेड गॅस्केट दर चतुर्थीला जातंय? नवं शोधण्याआधी जुनं नीट बघा

चार वर्षांत तीन हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड यांच्या मधलं पातळ सील. तिन्ही वेळा मुहूर्त तोच, चतुर्थीच्या तोंडावर. पावसाळाभर गाडी पडवीला लागून काढलेल्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभी असते. मुंबईची माणसं यायच्या आठवडाभर आधी ती बाहेर काढायची, बाजारापर्यंत दोन फेऱ्या सुरळीत व्हायच्या आणि तिसऱ्या फेरीला गावाबाहेरची घाटी चढताना काटा सरळ लाल रेघेकडे. बोनेट उघडलं की वाफ, रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि मागे सायलेन्सरमधून पांढरा धूर. मग हेड उतरवा, गॅस्केट शोधा, मुंबईला फोन करा, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल मागवा. तोवर गणपती रिक्षाने आणायचे.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या तोंडी फियाट. काकांनी मुंबईत वीसेक वर्षं चालवली आणि निवृत्तीनंतर देवगडला घेऊन आले. आता ती माझ्या गळ्यात आहे. विकायची गोष्ट कोणी काढली तर पहिला भांडणारा मीच, हेही खरं.

हे लिहितोय ते समुद्राजवळ जुनी फियाट ठेवणाऱ्यांसाठी. तीन वेळा मी एकच चूक केली. गॅस्केट उडालं म्हणजे गॅस्केट वाईट होतं, असं धरून चाललो. पहिलं उडालं तेव्हा माल डुप्लिकेट म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. दुसरं उडालं तेव्हा मिस्त्री बदलला. तिसऱ्या वेळी परदेशातून मागवलं आणि त्याची कथा तर आणखी वेगळी.

आधी दुखणं खरंच गॅस्केटचं आहे का, एवढं घरच्या घरी कसं बघायचं ते सांगतो. इंजीन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच, पाणी कोमट व्हायच्याही आधी, बुडबुड्यांची एकसारखी माळ वर येऊ लागली तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे नुसत्या हवेचे असतात, त्यांना घाबरू नका. मग चारही प्लग काढून बघा. इतर तीन तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जातंय. डिपस्टिकवर दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, मग गाडी तिथेच थांबवा, बाजारापर्यंतसुद्धा नेऊ नका. कॉम्प्रेशन गेज असलेला मिस्त्री मिळाला तर शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकदमच पडलंय का ते बघायला सांगा. तसं असेल तर त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळलेलं असणार. माझ्याकडे तिन्ही वेळा दोन आणि तीन नंबरच्या मध्येच जळालं होतं. एकाच जागी तीनदा. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

तो पाडला तळेऱ्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. हेड उतरवून त्यांनी ते गोणपाटावर उलटं ठेवलं, रॉकेलचा बोळा फिरवला आणि पाण्याच्या भोकाच्या कडेवर अंगठ्याचं नख ओढलं. नख अडकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा अडकलं. भोकाची कड उंदराने खोबरं कुरतडावं तशी खाल्लेली होती, आणि दोन-तीनच्या मधल्या भोकापाशी तर खड्डा पार गॅस्केटच्या लोखंडी कडीखालपर्यंत गेला होता. आत पांढरी, खडूसारखी पूड.

"ह्या पाणी खंयचा घालतास?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"खंयचा म्हणजे? बावीचा." विहिरीचं.

"मगे गॅस्केटीक कित्याक गाळी घालतास?"

आमची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात पाणी गोड, पण फाल्गुन-चैत्र लागला की मचूळ व्हायला लागतं आणि मे महिन्यात डाळ शिजत नाही. आणि रेडिएटरला पाणी जास्त लागायचं ते नेमकं मे महिन्यात, मुंबईची पोरं सुट्टीला आलेली असताना. ते मेचं पाणी पोटात घेऊन गाडी जूनपासून चतुर्थीपर्यंत एका जागी उभी.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन निरनिराळे धातू एकाच पाण्यात बुडालेले. पाण्यात मीठ असलं की ते बॅटरीतल्या पाण्यासारखं काम करू लागतं आणि तिघांपैकी सगळ्यात दुबळा धातू झिजतो. तो अ‍ॅल्युमिनियम. एरवी अ‍ॅल्युमिनियमवर स्वतःच्याच ऑक्साइडची पातळ साल असते, ती त्याला राखते. मिठातला क्लोराइड नेमकी तीच साल जागोजाग फोडतो, म्हणून गंज सपाट न चढता खड्ड्याखड्ड्यांनी आत शिरतो. पाणी फिरत असताना हे सावकाश होतं, साचून राहिलं की जोरात. म्हणजे गाडी न चालवता सांभाळून ठेवली की हेड सुरक्षित, हा माझा समज उलटाच होता.

अशा खाल्लेल्या हेडवर जगातलं सगळ्यात भारी गॅस्केट घातलंत तरी ते उडणार. खड्ड्यावर त्याला दाब मिळत नाही.

खड्डे पडलेल्या हेडला बहुतेक ठिकाणी एकच औषध सांगतात: फेसिंग मारा. म्हणजे मशीनवर धरून पृष्ठभाग तासून सपाट करायचा. एकदा ठीक. पण प्रत्येक फेसिंगला हेड पातळ होतं, ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजीन टकटक वाजायला लागतं. माझ्या हेडला आधी दोनदा फेसिंग झालं होतं आणि मला ते कोणी सांगितलंही नव्हतं. काही जण उंची भरून काढायला दोन गॅस्केट एकावर एक घालतात. ते करू नका. जिथे एकाचीच खात्री नाही तिथे दोन घालून गळतीच्या जागा दुप्पट होतात.

आम्ही हेड कोल्हापूरला नेलं. कोकणात राहणाऱ्याला इंजिनाच्या कामासाठी मुंबईपेक्षा कोल्हापूर जवळचं, हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही कोण जाणे. फोंडा घाट चढून राधानगरीवरून गेलं की शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांच्या काळापासून तिथे ओतकाम, बोरिंग, स्लीव्ह, ग्राइंडिंग करणारे कारखाने एकमेकांना लागून आहेत. तिथे कोणी "ही गाडी जुनी, पार्ट मिळत नाही" असं म्हणत नाही. ते माप विचारतात.

हेड आधी धुऊन, घासून, तापवून घेतलं. तेल मुरलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग धरत नाही, फुगे येतात. मग खड्डे आर्गन वेल्डिंगने भरले, नंतर मशीनवर जेमतेम सपाट होईल एवढंच तासलं. त्या उष्णतेने व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) सैल होऊ शकतात म्हणून त्याही ठोकून तपासल्या. शेवटी प्रेशर टेस्ट. पाण्याची सगळी भोकं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, एका भोकातून हवा सोडली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. सायकलची ट्यूब पंक्चरवाला बुडवतो तसंच. मी टाकीवर वाकून दहा मिनिटं बघत होतो. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा सुटत होता, थांबून थांबून. तिथे पुन्हा वेल्डिंग, पुन्हा टाकी. दुसऱ्या खेपेला पाणी शांत. या टेस्टशिवाय हेड घरी आणू नका, भरलेल्या खड्ड्याच्या शेजारीच तडा लपलेला असतो.

हेड सपाट आहे की वाकलंय हे बघायला मशीन लागत नाही. चांगली सरळ पोलादी पट्टी उभ्या कडेवर हेडवर ठेवा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि खालून फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा) ०.१० मिमीचं पान सरकवून बघा. पान शिरलं तर गॅस्केट बसवायचं नाही. ब्लॉकचा पृष्ठभागही असाच तपासा, तो सगळे विसरतात.

आता गॅस्केट, आणि एकूणच भाग शोधण्याबद्दल. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून पाव शतक झालं, तरी मुंबईत काल-परवापर्यंत या गाडीचा खिळा न् खिळा मिळायचा तो काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या जिवावर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. रोजचं गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार माल कशाला भरेल? आता जे मिळतं ते ऑपेरा हाऊसकडच्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर शिल्लक असलेलं, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून उतरवलेलं.

तिथे जाऊन "फियाटचं हेड गॅस्केट द्या" असं म्हणाल तर माझ्यासारखे फसाल. मी एकदा फोनवर "प्रीमियरचं" म्हटलं आणि आलं ते ११८ एनईचं. तिचं इंजीन निसानच्या घराण्यातलं, ११७१ सीसीचं, आपल्याशी काही संबंध नाही. दुकानदाराची तरी काय चूक, दोन्ही प्रीमियरच.

परदेशी मालाचा सापळा याहून बारीक आहे. आपली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. म्हणून मी इंटरनेटवर "११०० डी" शोधलं, युरोपातल्या एका विक्रेत्याकडे नवंकोरं गॅस्केट सापडलं, कस्टमसकट पैसे भरले. आलं आणि ब्लॉकवर ठेवलं तर चारही भोकं मोठी. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजीन होतं, बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ७२ मिमी. भारतात बनलेली त्याच नावाची गाडी १०८९ सीसीची, बोअर ६८. नाव एक, बॉडी एक, भोकात चार मिलीमीटरचा फरक. ते गॅस्केट अजून भिंतीवर खिळ्याला टांगलंय. बायको त्याला माझं प्रमाणपत्र म्हणते.

म्हणून नाव सांगू नका, माप पाठवा. मी आता असं करतो: हेड उलटं ठेवून त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरतो आणि आडवी पेन्सिल घासतो, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. भोकं, बोल्टची जागा, पाण्याच्या वाटा, सगळं खऱ्या मापात उतरतं. तो कागद दुकानदाराला कुरिअरने जातो आणि तो माळ्यावरचं गॅस्केट कागदावर ठेवून बघतो. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा असेल तर शेजारी स्टीलची पट्टी ठेवून आणि मोबाइल बरोबर वर धरून काढा, तिरका काढलेला फोटो काही कामाचा नाही. आणखी एक: तुमच्या ब्लॉकला पूर्वी बोरिंग झालं असेल, म्हणजे भोकं तासून मोठी केली असतील, तर बोअर आता ६८ राहिलेला नाही. चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढले असतील तर तो ६९च्या थोडा वर गेलाय. गॅस्केटची कड त्याच्या आत डोकावली तर ती तापून लाल होते आणि गाडी बंद केल्यावरही इंजीन गचके देत राहतं. पिस्टनच्या डोक्यावर सहसा ओव्हरसाइजचा आकडा ठोकलेला असतो, हेड उतरलेलं असताना काजळी पुसून तो वाचून घ्या आणि आरसी बुकाच्या पाकिटात लिहून ठेवा.

काही भाग तर गाडीच्या दुकानात शोधायचेच नसतात. वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनाचा पाण्याचा पंप, गळते म्हणून अख्खी वॉटर बॉडी शोधत मुंबई पालथी घालणारे मी पाहिलेत. तिच्यात जातं काय, तर बेअरिंग आणि सील. काढलेल्या बेअरिंगवर नंबर असेल तर तोच त्याचा पत्ता. समजा ६२०३ आहे, तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिमी. हे माप जगात कुठेही बदलत नाही आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडेही ते मिळतं. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कुडाळ-कणकवलीच्या बेअरिंगच्या दुकानात हे काम पाच मिनिटांत होतं. मात्र माळ्यावर तीस वर्षं पडलेला "ओरिजिनल" रबरी सील घेऊ नका, तो नवा असूनही म्हातारा असतो. नखाने दाबून बघा, खूण उठून राहिली तर ठेवून या.

दुसरं हेडच घ्यायचं ठरवलंत तर भंगारातल्या टॅक्सीचं स्वस्त मिळेल. पण शेवटच्या वर्षांत त्या बहुतेक सीएनजीवर पळाल्या. सीएनजी कोरडा इंधनवायू, पेट्रोलसारखा ओलावा व्हॉल्व्हला मिळत नाही, म्हणून सीटा झिजून व्हॉल्व्ह आत बसलेले असतात. विकत घेण्याआधी पाण्याच्या भोकांवर नख फिरवा, सीटा बघा, जाडी मोजा. आणि अख्खं इंजीन कोणी कमी भावात देऊ केलं तर मोहात पडू नका. इंजीन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही आणि पुढच्या पासिंगला आरटीओत फेऱ्या तुमच्या नशिबी. हेड बदललं तर नंबराचा प्रश्न येत नाही.

तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट हाताने कापून घ्या, असाही सल्ला मिळतो. अडल्या वेळी चालेल. पण खारं पाणी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि त्याला चिकटून तांबं, म्हणजे आपणच आगीत तेल ओतल्यासारखं. आणि जुनं गॅस्केट खरवडताना ते ओलं करून खरवडा, त्या काळच्या गॅस्केटात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

हेड बसवायच्या आधी ब्लॉक साफ केला नसता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. ब्लॉकच्या बाजूचा निचऱ्याचा नळ उघडला तर थेंब आला नाही. तारेने टोचलं, तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गाळ बदाबदा आला, आणि त्यात पिवळसर गोळे. हळद! मागे कधीतरी रेडिएटर गळत होता तेव्हा कोणीतरी हळद टाकली होती. वाटेत अडकलात तर घरी पोचण्यापुरती ठीक, पण नंतर काढायची असते. आम्ही पाइप लावून, उलटसुलट दिशेने, पाणी नितळ येईपर्यंत धुतलं आणि रेडिएटर सुट्टा करून वेगळा साफ करून घेतला.

बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आवळायचे. आकडा आपल्या मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने "हाताला लागेल एवढं" नको. अ‍ॅल्युमिनियम हेड उतरवतानाही इंजीन पूर्ण थंड हवं आणि क्रम उलटा, बाहेरून आत, नाहीतर हेड तिथेच वाकतं. पाच-सहाशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर पुन्हा एकदा टॉर्क बघून घेतला.

आता पाणी. विहिरीचं बंद. पावसाचं पाणी गोड म्हणून पन्हळीचं भरावं असं वाटेल, पण समुद्रकिनारी कौलांवर वाऱ्याने आलेलं मीठ बसलेलं असतं. मी बॅटरीच्या दुकानातून सीलबंद डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणतो आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट निम्मंनिम्म मिसळतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतील. आपल्याला त्यातलं गंजरोधक हवंय. ते झिजत जातं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, निचरा केलेलं अंगणात ओतू नका, कुत्री-मांजरं चाटतात. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं चालू ठेवतो, पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे पाणी फिरतं. दोन मिनिटं चालू करून बंद करण्यात काही अर्थ नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

मापाचं एक गॅस्केट जादा घेऊन ठेवलंय. आमच्या हवेत कागद-पत्रा काहीही टिकत नाही, म्हणून ते दोन प्लायवुडच्या पट्ट्यांत सपाट दाबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात आहे. दुमडून किंवा उभं ठेवलं की त्याला बाक येतो.

त्यानंतर दोन चतुर्थ्या झाल्या, गणपती गाडीतूनच आले. काकू मात्र अजून, मी बोनेट उघडलं की सवयीने विहिरीची बादली आणून बाजूला ठेवते. "अरे, तहानली असेल." मी हो म्हणतो आणि ती मागच्या माडाच्या मुळात ओततो.